पायरीपाशी थांबलेला इतिहास

वडशाहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी असे करत आमची बस मार्कंड्याला पोहोचली तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. २०१२ सालचा हिवाळा होता. आम्ही मराठीचे अध्यापक, बरोबर पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे चाळीस विद्यार्थी, आणि हेतू असा की, ज्या प्रदेशात ही मुले वाढली त्या प्रदेशाचा इतिहास त्यांनी पुस्तकाबाहेर येऊन एकदा डोळ्यांनी पाहावा. सहलीची तयारी आम्ही आमच्या मते चोख केली होती. बसचे भाडे ठरले होते, डब्यांची मोजदाद झाली होती, पालकांची संमतिपत्रे घेतली होती. चाळीसांपैकी एक विद्यार्थी लहानपणच्या पोलिओमुळे चालू शकत नसे. एरवी तो हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवरून महाविद्यालयात येई. त्याच्यासाठी एक घडीची व्हीलचेअर मागून आणून आम्ही बसच्या टपावर बांधली आणि आपण सगळा विचार केला, अशा समाधानात निघालो.

देवळाच्या आवारात शिरेपर्यंत ते समाधान टिकले. पुढे जोत्याच्या पायऱ्या आल्या. त्यांच्यापलीकडे मंडप, मंडपापलीकडे उंबरठा आणि उंबरठ्यापलीकडे गाभारा. चार-पाच धट्टीकट्टी मुले पुढे आली आणि खुर्चीसकट उचलून नेण्याची तयारी त्यांनी दाखवली. तो म्हणाला, "नको सर. मला उचलू नका. मी इथेच बसतो." आवाजात राग नव्हता. कदाचित अशा प्रसंगांचा सराव असावा. आम्ही थोडा आग्रह केला, मग वेळेचे भान ठेवून बाकीच्यांना घेऊन आत गेलो. तासाभराने बाहेर आलो तेव्हा तो चाळीस जणांच्या चपलांची आणि पिशव्यांची राखण करीत बसला होता.

आठवड्याभराने क्षेत्रभेटीचे अहवाल आमच्या हाती आले. आम्हीच छापून दिलेल्या नमुन्यात शीर्षके होती : स्थान, आख्यायिका, बाह्य शिल्पे, मंडप, गाभारा. त्याने पहिल्या तीन शीर्षकांखाली सुवाच्य अक्षरात भरपूर लिहिले होते. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते म्हणून त्या स्थळाला काशीचे महत्त्व आले, हे लिहिले होते. सोळा वर्षांचेच आयुष्य लाभलेल्या मार्कंडेयाने यमपाश पडताना शिवलिंगाला मिठी मारली, ही कथाही लिहिली होती. 'मंडप' आणि 'गाभारा' यांखाली मात्र दोनच शब्द होते : पाहिला नाही. या दोन शीर्षकांना मिळून दहा गुण होते. ते दहा गुण द्यावेत की कापावेत, या प्रश्नावर आम्ही दोघे अध्यापक बराच वेळ बोललो. अखेर उरलेल्या भागावरून प्रमाणाने गुण दिले. हिशेब जुळला, पण मन काही जुळले नाही. पुढील विवेचन त्या न जुळलेल्या मनाचे आहे.

मुळात पायरी म्हणजे काय? देवळाचे जोते उंच असते याला कारणे आहेत. नदीकाठच्या देवळाला पुराची भीती असते. दगडी बांधकामाचा भार पेलायला भक्कम पाया लागतो. शिवाय उंचीत एक भावनिक योजनाही असते. माणसाने जमिनीवरचा व्यवहार खाली ठेवून चढत जावे, प्रकाशातून अंधाराकडे, मोकळ्या अवकाशातून अरुंद गाभाऱ्याकडे जावे, अशी ती वाट आखलेली असते. किल्ल्याची गोष्ट याहून सरळ आहे. किल्ल्याचा प्रत्येक दगड येणाऱ्याला अडवण्यासाठीच बसवलेला असतो. आमच्याजवळचा वैरागडचा किल्ला घ्या. ज्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या दरबारी 'ऐन-इ-अकबरी'त झाली, तिथल्या किल्ल्याभोवती खंदक असणे ओघानेच आले. तेव्हा जुन्या वास्तू सर्वांना सहज प्रवेश मिळावा म्हणून बांधलेल्याच नव्हत्या, हे आधी कबूल केले पाहिजे.

परंतु या कबुलीला दुसरी बाजू आहे. ज्यांना चालायचे नव्हते, त्यांच्यासाठी इतिहासाने नेहमीच वाट करून दिलेली आहे. चंद्रपूरचे उदाहरण पाहावे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या काळी सुरू झालेला आणि पुढच्या राजांनी पुरा केलेला सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट आजही त्या शहराला वेढून उभा आहे. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे व पाच खिडक्या आहेत. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. या दरवाजांना पायऱ्या नाहीत, कारण त्यांतून हत्ती जात, गाडे जात, तोफा जात. आज जटपुरा दरवाजातून शहराची रहदारी वाहते आणि त्याच सपाट रस्त्याने एखादी व्हीलचेअरही कोणाची परवानगी न मागता जाऊ शकते. हत्तीसाठी केलेली सोय तीनशे-चारशे वर्षांनी चाकाच्या खुर्चीला उपयोगी पडावी, हा योगायोग असला तरी त्यातून एक गोष्ट कळते. जिथे चाक जावे असे बांधणाऱ्याला वाटले, तिथे चाकाला वाट मिळाली.

जिथे चाक जाणे शक्यच नव्हते तिथे खांदे होते. रायगडावर पालखी दरवाजा आहे. त्याला पायऱ्या आहेत, पण पालखीत बसणाऱ्याला त्या कधी मोजाव्या लागल्या नसतील. हीच परंपरा अजिंठ्याला आजही चालू आहे. तिथे खुर्चीला बांबू बांधून चार जण प्रवाशाला लेण्यांपर्यंत वाहून नेतात. या सोयीला आम्ही नावे ठेवणार नाही. अनेक वृद्धांनी अजिंठा पाहिला तो त्या चार जणांच्या खांद्यांवरून. पण पालखीतला सरदार आणि उचलून नेला जाणारा विद्यार्थी यांत मोठा फरक आहे. सरदार हुकूम करून बसतो. विद्यार्थ्याला वर्गातल्या मुलींसमोर, मित्रांसमोर, ओझे होऊन जावे लागते. 'मला उचलू नका' या वाक्याचा अर्थ आम्हाला त्या दिवशी कळला नाही, तो इथे आहे. त्याला केवळ आत पोहोचायचे नव्हते, आपल्या चाकांवर पोहोचायचे होते.

मराठी माणसाला पायरीचा इतिहास निराळा सांगायला नको. पंढरपूरच्या महाद्वारातली पहिली पायरी नामदेवांच्या नावाने ओळखली जाते. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, या भावनेने नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तिच्याच समोर चोखोबांची समाधी आहे. एक जण प्रेमाने पायरीशी राहिला, दुसऱ्याला समाजाने पायरीच्या पुढे जाऊ दिले नाही. एकाच दारात या दोन्ही गोष्टी शेकडो वर्षे शेजारी आहेत. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, तेव्हा ते उघडले. या दोन्ही लढ्यांत पायऱ्यांचा एकही दगड हलवावा लागणार नव्हता. हलायचे होते ते माणसांचे मन.

येथे घाईने तुलना करू नये, हे आम्ही जाणतो. जातीच्या नावाने केलेली बंदी ही जाणूनबुजून केलेली होती, तिच्यामागे शास्त्राचा आधार उभा केला होता आणि मोडणाऱ्याला शिक्षा होती. अपंग माणसाला दारात कोणी अडवत नाही. उलट 'या, या' म्हणतात, हळहळतात, उचलायला धावतात. तिथे बंदी नसते, विसर असतो. पण दारापाशी थांबलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर बंदीने काय आणि विसराने काय, आतला देव दिसत नाही आणि आतले शिल्पही दिसत नाही. बंदीविरुद्ध सत्याग्रह तरी करता येतो. विसराविरुद्ध कोणापुढे बसावे?

आमच्या वडशाला झाडीपट्टी रंगभूमीची पंढरी म्हणतात. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की गावोगावच्या मोकळ्या मैदानांत मंडप पडतात आणि रात्रभर नाटके चालतात. आमचा हाच विद्यार्थी आपली तीनचाकी थेट रंगमंचाच्या बाजूला लावून पहाटेपर्यंत नाटक पाही, हे आम्ही अनेकदा पाहिले होते. तिथे त्याला कोणी उचलले नाही, कोणी हळहळले नाही. मैदान सपाट होते, एवढेच त्याचे कारण. नाटकाच्या मांडवात जो सर्वांसारखा प्रेक्षक होता, तो देवळाच्या जोत्यापाशी अचानक अपंग झाला. त्याच्या पायांत काही फरक पडला नव्हता, जमिनीत पडला होता.

या प्रश्नाचा विचार आमच्याच मुलखात पूर्वी झालेला नाही असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, ते समाजाने वेशीबाहेर टाकलेल्या कुष्ठरुग्णांना घेऊन. झडलेल्या बोटांच्या हातांनी तिथे विहिरी खणल्या गेल्या, घरे बांधली गेली, शेती झाली. पुढे अंधांची व मूकबधिरांची शाळा तिथेच निघाली. स्वतः बाबांना मणक्याच्या दुखण्याने बसणे अशक्य झाले होते. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच त्यांच्या हाती उरले. तरी १९८५ साली त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली आणि वाहनात झोपून ते देशभर फिरले. शरीराला वाहन जुळवून घ्यावे, वाहनाला शरीर नव्हे, हा साधा विचार त्या प्रवासामागे होता. आम्ही तोच विचार चाळीस मुलांच्या सहलीत केला नाही.

वास्तूने माणसाला जुळवून घेतल्याचे एक गमतीदार उदाहरण दूरच्या चीनमध्ये आहे. बीजिंगच्या राजवाड्यात, म्हणजे निषिद्ध नगरीत, दारोदार उंच लाकडी उंबरठे होते. शेवटचा बादशहा पू यी १९१२ साली पदच्युत झाला, तरी १९२४ पर्यंत तो त्याच राजवाड्यात राहत होता. पोरवयात त्याला सायकलीचा नाद लागला आणि उंबरठे आड येतात म्हणून त्याने ते कापून टाकायला लावले. पूर्वजांना पिढ्यान्पिढ्या जे अडचणीचे वाटले नव्हते ते आपण तोडले, असे त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. पोरवयातल्या बादशहाला चाक फिरवावेसे वाटले आणि शतकांचे उंबरठे एका हुकमाने गेले. पुढे २००८ साली त्याच शहरात पॅरालिम्पिक स्पर्धा भरल्या, तेव्हा जगभरातून येणाऱ्या अपंग खेळाडूंसाठी तो राजवाडा आणि बादालिंगची भिंत येथे चाकांच्या खुर्चीची सोय करण्यात आली. एकदा हट्टासाठी आणि एकदा पाहुण्यांसाठी. रोज येणाऱ्या साध्या माणसासाठी अशी घाई क्वचितच होते.

आपल्याकडेही पाहुण्यानेच डोळे उघडले. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. दिल्लीतील कुतुबमिनारसारखी स्मारके त्यांना पाहता यावीत म्हणून तिथे तात्पुरते लाकडी उतार बसवले गेले. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जावेद आबिदी यांनी तेव्हा हा प्रश्न लावून धरला होता. वास्तविक अपंग व्यक्तींच्या समान संधींचा कायदा १९९५ सालीच झाला होता. जे पाच वर्षे शक्य नव्हते ते एका पाहुण्यासाठी थोड्या दिवसांत शक्य झाले, आणि कुतुबमिनार जागच्या जागी उभा राहिला. त्याचा एक दगडही निखळला नाही.

त्यानंतर कायदे पुढे गेले. ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियान सुरू केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन घातले. नियम २०१७ साली आले, म्हणजे ती मुदत २०२२ साली संपली. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, किमान काही निकष सक्तीचे हवेत, असे बजावले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतील सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या होत्या. हा एका प्रवाशाचा किंवा एका विद्यार्थ्याचा प्रश्न नाही, हे सांगायला एवढे आकडे पुरेत.

आता आक्षेपाचा विचार करू. तो आमच्याच पेशातले लोक घेतात आणि तो क्षुल्लक नाही. प्राचीन वास्तूत सिमेंटचे उतार घातले तर तिचे मूळ रूप बिघडेल, उद्या सरकते जिने येतील, मग वास्तू कसली आणि इतिहास कसला? या भीतीत तथ्य आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासलेली आणि फरशा ठोकलेली देवळे आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु १९६४ च्या व्हेनिस सनदेने या बाबतीत समतोल मार्ग सांगून ठेवला आहे. वास्तूचा समाजाला उपयोग व्हावा, पण त्यासाठी तिची रचना व अलंकरण बदलू नये, आणि जे नवे घातले ते जुन्याहून वेगळे ओळखू यावे. लाकडाचा किंवा लोखंडाचा, दगडाला खिळा न मारता ठेवलेला, हवा तेव्हा उचलून नेता येईल असा उतार या कसोटीला पुरेपूर उतरतो.

शिवाय 'मूळ रूप' हा शब्द मार्कंड्याच्या बाबतीत जपून वापरावा लागतो. १८७३-७४ च्या सुमारास अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे आला आणि त्या शिल्पांची तुलना त्याने खजुराहोशी केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो आला त्यापूर्वीच मुख्य मंदिरावर वीज कोसळून मोठी पडझड झाली होती आणि नंतरच्या गोंड राजवटीत जाड खांबांचे टेके देऊन मंडप सावरला गेला होता. त्या राजाने मूळ रूप बिघडेल म्हणून मंडप पडू दिला नाही. त्याने टेका दिला, आणि आज तो टेकाही इतिहासाचाच भाग झाला आहे. पडणाऱ्या छताला दिलेला टेका जर वारसा ठरतो, तर थांबलेल्या माणसाला दिलेला टेका विद्रूपीकरण कसे ठरेल?

याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सर्व काही शक्य आहे, असा नाही. उताराचे गणित कडक असते. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते. तीन फुटांचे जोते असेल तर छत्तीस फुटांचा उतार हवा, मध्ये थांबायला सपाट जागा हवी, आणि एवढी जागा अनेक आवारांत नसते. वेरूळच्या कैलास लेण्याचे प्रांगण जमिनीच्या पातळीवर आहे, पण मुख्य मंदिर वरच्या मजल्यावर, जिन्याने चढून जायचे. रायगडावर १९९६ साली रोपवे आला आणि सप्तशृंगगडावर २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. गड चढण्याचा प्रश्न त्यांनी पुष्कळ सोपा केला, पण वर पोहोचल्यावर पुन्हा दगड-पायऱ्या आहेतच. जिथे गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही तिथे मंडपापर्यंत जाता यावे. तेही नसेल तर जोत्याभोवतीचा प्रदक्षिणेचा मार्ग तरी सपाट असावा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह चाकावरून गाठता यावे. सर्व देता येत नाही म्हणून काहीच न देणे, ही सबब आहे, अडचण नव्हे.

त्या सहलीला आता बरीच वर्षे झाली. तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला, नोकरीला लागला. आम्ही मात्र सहलीची पद्धत बदलली. आता निघण्याच्या आठ दिवस आधी दोघांपैकी एक जण मोजपट्टी घेऊन त्या स्थळी जाऊन येतो. दाराची रुंदी, पायरीची उंची, बस थांबते तिथपासूनचे अंतर, स्वच्छतागृह, या चार गोष्टी वहीत लिहून आणतो. दोन मजबूत फळ्या बसमध्ये असतात. एखाद-दुसऱ्या पायरीला त्या पुरतात. स्थळ निवडताना वर्गाला विचारतो, आणि ज्याला अडचण आहे त्याला आधी, एकट्याला विचारतो. एका वर्षी याच कारणाने आम्ही चंद्रपूर निवडले. तिथल्या परकोटाची साफसफाई २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी स्वतःच्या हातांनी केली आहे, आणि दरवाजे तर रस्त्यावरच आहेत. त्या वर्षी आमच्या वर्गात कुबड्या घेऊन चालणारी एक मुलगी होती. जटपुरा दरवाजाखाली उभी राहून तिने गोंड राजचिन्हाचे रेखाचित्र काढले. गर्दीतल्या रिक्षा तिला वळसा घालून जात होत्या.

अहवालाचा नमुनाही आम्ही बदलला आहे. शेवटी एक शीर्षक वाढवले : 'या वास्तूत कोणाला जाता येत नाही आणि का?' त्याला दहा गुण आहेत. पहिल्या वर्षी बहुतेकांनी ती जागा कोरी सोडली होती. आता मुले पायऱ्या मोजून येतात.